कानामागून आला आणि तिखट झाला

मूल कान दुखतो म्हणून रडायला लागलं की आपण त्याला मांडीवर आडवं घेतो आणि मोबाइलचा टॉर्च लावून कानात डोकावतो. दिसत काहीच नाही. कानाची नळी वाकडी, पडदा आत खोल आणि मूल वळवळतंय. त्यापेक्षा त्याला पाठमोरं बसवावं, केस वर धरावेत आणि दोन्ही कान मागून एका नजरेत बघावेत. कान डोक्याला जिथे चिकटतो तिथे मागच्या बाजूला एक खाच असते, चष्म्याची काडी जिथे बसते ती. एका बाजूला ही खाच नीट दिसतेय आणि दुसऱ्या बाजूला ती भरून आली आहे, तिथली कातडी लाल आणि ताणलेली आहे, मूल तिथे हात लावू देत नाही आणि तो कान दुसऱ्यापेक्षा पुढे, बाहेर, किंचित खाली झुकलेला दिसतोय, असं असेल तर हे साधं कानाचं दुखणं राहिलेलं नाही. कानामागच्या हाडात पू झाला आहे. त्या मुलाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यायला हवं. सोमवारी ओपीडी उघडेल तेव्हा बघू, असं करून चालत नाही.

या आजाराचं नाव मॅस्टॉइडायटिस. पेनिसिलिन येण्याआधी मुलांच्या वॉर्डात तो नेहमीचा पाहुणा होता. आता तो इतका विरळ झालाय की अनेक तरुण डॉक्टरांनी पाठ्यपुस्तकाबाहेर तो फारसा पाहिलेला नसतो. विरळ झाल्यामुळेच तो चुकतो.

कानाच्या मागे बोट दाबून बघा. एक टणक उंचवटा लागेल, त्याचं टोक खाली मानेकडे गेलेलं. बाहेरून दगडासारखं वाटणारं हे हाड आतून मात्र पोकळ असतं. चांगली आंबलेली आंबोळी मोडल्यावर दिसते तशी जाळी: लहान-मोठी असंख्य हवेची घरं आणि त्यांच्यामध्ये हाडाचे कागदासारखे पातळ पडदे. काही जणांत ही घरं भरपूर, काहींत जवळपास नसतातच. ती सगळी एका मोठ्या दालनात उघडतात. त्याला ॲन्ट्रम म्हणतात. ॲन्ट्रमपासून एक अरुंद बोळ मध्यकर्णात जातो आणि मध्यकर्णातून युस्टेशियन नळी थेट नाकाच्या मागे उतरते. म्हणजे सर्दीनं चोंदलेल्या नाकापासून कानामागच्या हाडापर्यंत हवेची एक सलग वाट आहे, आणि जंतूंना ती आयतीच मिळते.

बाळाच्या बाबतीत एक गंमत आहे. ॲन्ट्रम जन्मतःच जवळजवळ मोठ्या माणसाएवढं असतं, पण बाहेरचा उंचवटा नसतो. मूल मान सावरायला लागतं, मानेचा स्नायू हाडाला ओढ देतो आणि पहिल्या दोन वर्षांत तो उंचवटा आकाराला येतो. नवजात बाळात ॲन्ट्रमवरचं हाड जेमतेम २ मिलिमीटर जाड असतं. दर वर्षाला साधारण एक मिलिमीटर असं ते वाढत जातं आणि मोठेपणी १२ ते १५ मिलिमीटरवर थांबतं. त्यामुळे तान्ह्या मुलाचा पू हाड फोडून लवकर बाहेर येतो आणि सूज चटकन दिसते. मोठ्या माणसात तेवढ्याच पुवाला बरंच हाड पोखरावं लागतं, आणि तोवर तो आतल्या बाजूनंही वाट शोधत असतो.

सुरुवात सर्दीनं होते. मुलांची युस्टेशियन नळी आखूड आणि आडवी, शिवाय तिच्या तोंडाशीच ॲडिनॉइडच्या गाठी. नळी सुजून बंद झाली की मध्यकर्णात पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात. बहुतेक वेळा न्यूमोकोकस, कधी स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस, स्टॅफिलोकोकस किंवा हिमोफिलस. पडदा आतून फुगतो आणि रात्रभर कान ठणकतो. मग पहाटे कधीतरी पडद्याला बारीक भोक पडतं, उशीवर पिवळा डाग दिसतो आणि ठणका जातो. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘कान फुटला, बरं झालं, घाण निघून गेली.’

बहुतेक वेळा ते खरं ठरतं. पू वाहून जातो, आठ-पंधरा दिवसांत पडदा जुळून येतो आणि मूल पुन्हा खेळायला लागतं. अडचण होते ती मधला अरुंद बोळ सुजेनं बुजल्यावर. मध्यकर्ण बाहेरच्या बाजूनं रिकामा होतोय, पण मागच्या घरांमधला पू कोंडला गेलाय. दाब वाढतो, तिथलं रक्त तुंबतं, आणि हाड झिजवण्याचं काम शरीरात ज्या पेशी नेमानं करत असतात त्याच पेशी ते पातळ पडदे खाऊ लागतात. घराला घर मिळत जातं आणि शेवटी जाळीच्या जागी पुवानं भरलेली एकच पोकळी उरते. पूर्वीच्या शल्यविशारदांच्या अनुभवात याला दोन ते तीन आठवडे लागायचे. लहान मुलांत काही दिवसांतही होतं.

म्हणून या आजारात दिवस मोजायचे असतात. कान फुटल्यावर दुखणं थांबलं आणि मग तिसऱ्या आठवड्यात ते पुन्हा सुरू झालं, या वेळी कानाच्या मागे. कान वाहायचा थांबतच नाही, उलट पू दाट होत चाललाय. उतरलेला ताप परत चढतोय. मूल चिडचिडं झालंय, खात नाही. आराम पडला होता आणि मोडला, हा क्रम डॉक्टरांना आवर्जून सांगावा. तान्हं मूल सांगू शकत नाही. ते कान ओढतं, दूध ओढताना रडतं, कधी जुलाबच होतात आणि सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं. आणि प्रत्येक वेळी आधी कानदुखीची कहाणी असतेच असंही नाही.

तज्ज्ञ काय बघतात? कापसानं कान कोरडा करतात आणि थांबतात. क्षणात कान पुन्हा पुवानं भरला, तर मागे मोठा साठा आहे हे उघड होतं. एवढासा मध्यकर्ण इतका पू पुरवू शकत नाही. पडद्याच्या टाचणीएवढ्या भोकातून येणारा पुवाचा थेंब नाडीबरोबर हलतो आणि दिव्याच्या प्रकाशात लुकलुकतो. कानाच्या नळीची मागची-वरची भिंत खाली लोंबलेली दिसते, कारण ती भिंत म्हणजेच या हाडाची पुढची बाजू. कानामागे बोट फिरवलं तर हाडाचा नेहमीचा खडबडीतपणा लागत नाही, सगळं सपाट झालेलं असतं.

कानाजवळ सूज आली की घरोघरी पहिलं नाव निघतं गालगुंडाचं. लेप लावला जातो, चार दिवस जातात. गालगुंडाची सूज कानाच्या खाली आणि पुढे, जबड्याच्या कोनावर असते, आणि ती कानाची पाळी वर उचलते. हाडाची सूज मागे असते आणि अख्खा कान पुढे ढकलते. दुसरी गल्लत होते अवधाणाशी. डोक्यात उवा झाल्या, खरूज-फोड झाले, जर्मन गोवर आला, तर कानामागे गाठी येतात. त्या सुट्या, बोटाखाली सरकणाऱ्या असतात, कानामागची खाच शाबूत असते आणि कानाचा पडदा अगदी निरोगी दिसतो. तिसरं म्हणजे कानाच्या नळीत झालेलं केसतोड. ते भयंकर दुखतं, मागे सूजही आणतं, पण कानाच्या भोकापुढचं टोक दाबलं किंवा कान ओढला की मूल किंचाळतं आणि ऐकू मात्र बऱ्यापैकी येत असतं. हाडाच्या दुखण्यात कान हलवल्यानं विशेष काही होत नाही. मागचं हाड दाबलं की मूल हात झटकतं.

निदान मुख्यतः असं नजरेनं आणि बोटांनी होतं. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढलेलं मिळतं, पुवाचं कल्चर करतात. सीटी स्कॅनमध्ये घरांमधल्या भिंती विरघळल्यात का ते स्पष्ट दिसतं. पण लहान मुलाला उगाच क्ष-किरण नकोत, म्हणून औषधानं उतार पडत नसेल, आत काही पसरल्याची शंका असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मोठ्या रुग्णालयांत स्कॅन करतात. कल्चरचा नमुना मात्र अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतला तर बरं. निम्म्या वेळा मूल आधीच दोन-तीन औषधं घेऊन आलेलं असतं आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही.

यातूनच आजाराचं एक फसवं रूप तयार होतं. अँटिबायोटिकचा कोर्स सात किंवा दहा दिवसांचा लिहिलेला असतो. तिसऱ्या दिवशी ताप जातो, मूल हसायला लागतं, बाटलीतलं औषध संपतं आणि दुसरी बाटली आणली जात नाही. किंवा शेजारच्या मुलाचं उरलेलं औषध अंदाजानं दिलेलं असतं. जंतू मरत नाहीत, दबतात. ताप नाही, कान वाहत नाही, कानामागे सूज नाही. थोडं बारीक दुखत राहतं, ऐकू कमी येतं, पडदा जाडसर दिसतो, आणि हाड आतल्या आत विरघळत असतं. इंग्रजी पुस्तकं याला बुरखा घातलेला मॅस्टॉइडायटिस म्हणतात. पुढे कधीतरी तो एकदम मेंदूज्वर होऊनच प्रकटतो. आपल्याकडे क्षयरोगही याच हाडात शिरतो. तिथे तर दुखणं जवळपास नसतंच: कान वाहतो, पडद्याला एकाहून जास्त भोकं दिसतात, ऐकू येणं झपाट्यानं कमी होतं आणि चेहऱ्याची नस लवकर लुळी पडते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कानात क्षयाची तपासणी करायला विसरू नये.

हाड फोडून पू बाहेर काढायची कल्पना बरीच जुनी. १५६० साली फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस कानाच्या आजारानं मेला. वय अवघं १६, आणि त्याची तितकीच कोवळी राणी म्हणजे स्कॉटलंडची मेरी. त्याच्या दरबारात आंब्रोइझ पारे हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला शल्यविशारद होता. त्यानं कवटी उघडायचं सुचवलं आणि राजमाता कॅथरीन द मेदिचीनं नकार दिला, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, त्या शतकात ते ऑपरेशन राजाला वाचवू शकलं असतं असं मला वाटत नाही. अठराव्या शतकात पॅरिसच्या जाँ-लुई पेतीनं हाड उघडून पू काढला आणि रुग्ण जगवला. मग १७९१ मध्ये सगळं फिसकटलं. डेन्मार्कच्या राजाचा वैद्य बॅरन फॉन बर्गर याला बहिरेपणा होता आणि कानात सतत आवाज यायचे. हाडात पू वगैरे काही नव्हतं. तरी त्यानं हौसेनं हे नवं ऑपरेशन करून घेतलं आणि काही दिवसांतच मेंदूज्वरानं तो गेला. एवढा मोठा माणूस दगावल्यावर युरोपभर या शस्त्रक्रियेचं नाव टाकलं गेलं आणि ज्यांना तिची खरंच गरज होती असे रुग्ण पुढची कित्येक दशकं तिच्याविना मेले. नको त्याच्यावर केलेलं ऑपरेशन हवं त्याच्या जिवावर कसं बेततं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

डब्लिनमध्ये विल्यम वाइल्ड हे कानाचे मोठे डॉक्टर होते. १८५३ च्या त्यांच्या पुस्तकात वाहता कान निरुपद्रवी समजू नका असं त्यांनी बजावलं होतं, आणि कानामागची सूज सरळ हाडापर्यंत कापून पू मोकळा करण्याचा छेद त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्यांचा मुलगा ऑस्कर वाइल्ड. या लेखकाला बरीच वर्षं उजव्या कानाचा त्रास होता. १० ऑक्टोबर १९०० ला पॅरिसच्या हॉटेलातल्या खोलीतच त्याच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला मेंदूला सूज येऊन तो गेला. शस्त्रक्रिया नेमकी कोणती आणि मूळ रोग कोणता यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. कानातला पू मेंदूत गेला असं मानणारे त्यात बरेच आहेत.

मधल्या काळात, १८७३ मध्ये, जर्मनीतल्या हाले शहरात हर्मन श्वार्त्से आणि त्याचा सहकारी आयझेल यांनी हे ऑपरेशन पुन्हा मानानं उभं केलं. कोणाचं हाड उघडायचं, कोणाचं नाही, कुठून शिरायचं, कुठे थांबायचं, हे त्यांनी लिहून काढलं. हत्यारं म्हणजे छिन्नी आणि हातोडी. तीच पद्धत सुधारून आजही वापरतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कानामागे खोल खळगा असलेली माणसं सगळीकडे दिसत. त्या काळच्या काही नोंदींनुसार कानात पू झालेल्या पाचातल्या एका मुलाला हाड उघडावं लागे. १९३० च्या दशकात सल्फा औषधं आली, पाठोपाठ पेनिसिलिन, आणि दहा-बारा वर्षांत ते प्रमाण कोसळलं. आज प्रगत देशांत दर लाख मुलांमागे वर्षाला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच रुग्ण सापडतात.

आता उपचारांकडे येऊ. मूल दाखल करून घ्यावंच लागतं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं, बहुधा सेफ्ट्रिॲक्सोन किंवा त्याच्या जोडीला स्टॅफिलोकोकसवर चालणारं एखादं. पडद्याला बारीक चीर देऊन मध्यकर्णातला पू काढतात, बऱ्याचदा तिथे ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात, म्हणजे चीर लगेच मिटत नाही आणि निचरा चालू राहतो. कानामागे पू साठून मऊ फुगवटा आला असेल तर तो सुईनं ओढून किंवा छेद घेऊन रिकामा करतात. मग २४ ते ४८ तास वाट बघायची. किती थांबायचं यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. काही जण फुगवटा दिसला की हाड उघडतात, तर निचरा आणि औषधं यांवरच बरीच मुलं बरी होतात असा इतरांचा अनुभव आहे. दोन दिवसांत ताप आणि सूज हटली नाही, किंवा आत पसरल्याची एकही खूण दिसली, तर मात्र थांबण्यात शहाणपण नाही.

ऑपरेशन भूल देऊन होतं. कानामागच्या खाचेच्या थोडं मागे, कानाच्या वळणाला धरून छेद घेतात. दोन वर्षांखालच्या मुलात तो वर आणि आडवा ठेवतात, कारण उंचवटा नसल्यामुळे चेहऱ्याची नस तिथे कातडीच्या लगेच खाली असते. हाडावरचं आवरण सरकवलं की कानाच्या नळीच्या वर-मागे एक छोटा त्रिकोण दिसतो. ग्लासगोच्या विल्यम मॅकइव्हनचं नाव त्याला आहे. त्या त्रिकोणाच्या आत ॲन्ट्रम. मायक्रोस्कोपखाली ड्रिल फिरू लागतं आणि त्याच्यावर सलाइनची धार सतत चालू ठेवतात. ती नसेल तर घर्षणाच्या उष्णतेनं नस भाजू शकते. पुढचं सगळं काम रंग ओळखण्याचं. वरच्या बाजूचं हाड पातळ होत गेलं की त्यातून मेंदूच्या आवरणाचा गुलाबीपणा दिसू लागतो, तिथे थांबायचं. मागे निळसर झाक आली की मेंदूतून रक्त वाहून नेणारी मोठी शीर जवळ आली. पुढे-खाली चेहऱ्याची नस. आत पिवळट पांढरं, इतर हाडाहून टणक असं एक वळण लागतं, ती तोल सांभाळणारी नलिका. या चौकटीच्या आत सडलेलं हाड, पू आणि दाणेदार मांस साफ करायचं. पडदा आणि ऐकण्याच्या हाडांची साखळी यांना हात लावत नाहीत, त्यामुळे ऐकू येणं टिकतं. डोक्याला घट्ट पट्टी बांधून मूल बाहेर येतं. टाके आठवड्याभरात निघतात, औषधं शिरेतून आणि मग तोंडावाटे मिळून दोन ते चार आठवडे चालतात. अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवायचा आणि कान बरा झाल्यावर एकदा श्रवणचाचणी करून घ्यायची. ही शेवटची गोष्ट नेमकी राहून जाते.

वेळ गेली तर पू कुठे कुठे जातो ते या चौकटीवरूनच कळेल. हाडाचं टोक फुटलं तर तो मानेच्या स्नायूखाली उतरतो, मान एका बाजूला वाकडी होते. म्युनिकच्या बेझोल्डनं १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. चेहऱ्याच्या नसेला दाह झाला की तोंड वाकडं होतं, आणि गावात ‘वारं लागलं’ म्हणून मालिश सुरू होते. कान वाहतोय आणि तोंड वाकडं झालंय, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर मालिशवाल्याकडे जायचं काम नाही. मागच्या मोठ्या शिरेत गुठळी झाली तर थंडी वाजून कडाक्याचा ताप भरतो, घाम येऊन उतरतो आणि दोन तापांच्या मध्ये रुग्ण अगदी ठीक दिसतो. आपल्याकडे असा ताप म्हणजे मलेरिया, हे समीकरण इतकं पक्कं आहे की कानाची चौकशीच होत नाही. कान वाहतो, डोळ्यामागे दुखतं आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात, असं त्रिकूट जमलं तर पू हाडाच्या आतल्या टोकापर्यंत गेलेला असतो. आणि डोकेदुखी, उलट्या, मान ताठ, झोपाळूपणा म्हणजे मेंदूज्वर किंवा मेंदूतलं गळू.

हे सगळं झालं ताज्या, तीव्र दुखण्याबद्दल. आपल्या भागात मात्र याहून मोठा प्रश्न वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानांचा आहे. अशा कानांचं सर्वाधिक ओझं असलेल्या देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला धरलं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगताना नुसता वाहणारा कान आणि दुर्गंधी येणारा कान हे वेगळे मोजले आहेत, आणि आजचे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात: वास येतो का? सर्दी झाली की भरपूर, पातळ, चिकट, वास नसलेला स्राव येतो, तो बहुधा पडद्याच्या मधल्या भोकातून. तोही बरा करायला हवा, पण तो सहसा जिवावर उठत नाही. थोडासाच, सडका वास येणारा, मधूनच रक्ताळलेला स्राव असेल तर कोलेस्टिॲटोमाची शंका घ्यावी. पडद्याचा वरचा भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते, तिच्यात कातडीची मेलेली पापुद्री साठत जाते, आणि ही पिशवी हळूहळू हाड खात मागे सरकते. तो कर्करोग नव्हे, पण थेंबांनी आणि गोळ्यांनी तो जात नाही. शस्त्रक्रियाच लागते, आणि नंतरही वर्षानुवर्षं कान तपासून घ्यावा लागतो.

अशा कानात घरी काय काय जातं! लसूण कढवलेलं तेल, फेस येणारं औषध, हेअरपिन, सायकलच्या चाकाची तार. भोक पडलेल्या पडद्यातून तेल मध्यकर्णात उतरतं, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत त्यावर बुरशी धरायला वेळ लागत नाही. वाहता कान बंद केला तर घाण डोक्यात जाईल, अशी एक समजूत आहे. ती नेमकी उलटी आहे. स्वच्छ रुमालाची किंवा कापसाची वात करून कान हलकेच टिपावा, दर वेळी नवी वात घ्यावी, पाणी जाऊ देऊ नये आणि दोन आठवड्यांत कान कोरडा झाला नाही तर तज्ज्ञांना दाखवावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत तपासणीला येतात, त्यांच्या यादीत वाहता कान आहे. ती आली त्या दिवशी मूल शाळेत असावं एवढं तरी पालकांनी बघावं.

मग कान दुखला की लगेच अँटिबायोटिक द्यायचं का? ब्रिटनमधल्या डॉक्टरांकडच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कानात पू झालेल्या ज्या मुलांना अँटिबायोटिक मिळालं नाही, त्यांच्यात १० हजारांत ३.८ वेळा हाडाचं दुखणं झालं; ज्यांना मिळालं, त्यांच्यात १.८ वेळा. धोका निम्म्यानं घटला हे खरं, पण हिशेब असा निघाला की एका मुलाचा मॅस्टॉइडायटिस टाळण्यासाठी ४,८०० हून अधिक वेळा औषध द्यावं लागेल. त्यातून होणारे जुलाब, पुरळ आणि जंतूंचा वाढणारा निर्ढावलेपणा वेगळाच. शिवाय मॅस्टॉइडायटिस झालेल्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलंच त्याआधी कानासाठी डॉक्टरांकडे गेलेली होती. सरसकट औषधानं हा आजार संपणार नाही. दोन वर्षांखालचं मूल, दोन्ही कान, जोराचा ताप किंवा वाहता कान असेल तर औषध हवंच. बाकीच्यांना दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन लक्ष ठेवता येतं, मात्र पुन्हा तपासायला बोलावलेल्या दिवशी जायचं. लस हा त्याहून स्वस्त उपाय. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. सहा आणि चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात अशा तीन मात्रा फुकट मिळतात. ती न्यूमोनियासाठी म्हणून ओळखली जाते, कानांचा फायदा वरकड.

एक उलटी भीतीही अलीकडे वाढली आहे. डोकेदुखीसाठी किंवा चक्कर येते म्हणून मेंदूचा एमआरआय होतो आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: डाव्या बाजूला मॅस्टॉइडायटिस. माणूस तो शब्द मोबाइलवर शोधतो आणि रात्रभर झोपत नाही. एमआरआय त्या हवेच्या घरांमध्ये साठलेलं थोडंसं पाणीही ठळक पांढरं दाखवतो, आणि असं पाणी साध्या सर्दीनंतरही आठवडे राहू शकतं. रेडिओलॉजिस्टनं पाहिलेलं असतं पाणी, लिहिलेला असतो रोग. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही, मागे दाबून दुखत नाही, तर घाबरण्याचं कारण नाही. तज्ज्ञांकडून एकदा पडदा तपासून घ्यावा. तो राखाडी, चमकदार आणि हलता दिसला, तर तो शब्द रिपोर्टच्या फाइलमध्येच राहू द्यायला हरकत नाही.